हिशेब कोठे बंद करावा?

देवळाच्या पायऱ्या चढणे ज्यांना अशक्य झाले आहे अशा वडीलधाऱ्या माणसांची संख्या आपल्या समाजात लहान नाही. उत्सवाच्या रात्री पालखी निघते तेव्हा ती बाहेर खुर्चीवर अथवा गाडीत बसून दुरूनच हात जोडतात, आणि घरची माणसे तीर्थप्रसाद त्यांच्याकडे आणून देतात. आमच्या निकट परिचयातील एका घरच्या आईची गेली दोन वर्षे हीच स्थिती होती. वय चौऱ्याहत्तर, बुद्धी तल्लख, हात कामसू. परंतु उजव्या खुब्याचा सांधा झिजून गेलेला. रात्री कुशीवर वळतानाही वेदना होत. सांधा बदलावा याविषयी घरात दुमत नव्हते. दुमत झाले ते खर्चाविषयी.

दोन शस्त्रवैद्यांकडून दोन अंदाजपत्रके आली होती. पहिले शस्त्रवैद्य खुब्याच्या मागील बाजूने सांध्यापर्यंत जाणारे. दुसरे पुढील बाजूने जाणारे. त्यांच्या पद्धतीत स्नायू कापावे लागत नाहीत असे त्यांनी सांगितले होते, आणि त्यांचा आकडा पहिल्याच्या जवळजवळ दीडपट होता. धाकटा मुलगा म्हणाला, "आईच्या बाबतीत पैशाकडे पाहणे आपल्याला शोभत नाही." थोरला म्हणाला, "आत बसवायचा सांधा तोच असेल तर केवळ दार वेगळे म्हणून इतके जास्त पैसे का मोजावेत?" आम्ही त्या बैठकीस हजर होतो व आमचेही मत विचारण्यात आले. आम्ही वैद्य नाही. म्हणून चार दिवसांची मुदत मागून घेतली, जाणकारांना विचारले, वाचले, आणि मग आमच्या ध्यानात आले की या वादाच्या तळाशी वैद्यकाइतकाच नीतीचा प्रश्न आहे. तोच वाचकांपुढे ठेवीत आहोत.

पहिला प्रश्न असा की, मातापित्यांच्या देहाच्या बाबतीत हिशेब करणे मुळात योग्य आहे काय? आमच्या मते त्यात काहीही गैर नाही. आपल्या देवस्थानांचेच उदाहरण घ्या. नंदादीपाचे तेल, नैवेद्याचे तांदूळ, पालखीचे वाजंत्री यांचा जमाखर्च महाजनांच्या सभेपुढे मांडला जातो, आणि तेलाचा हिशेब विचारणाऱ्या महाजनाची श्रद्धा कमी असे कोणी म्हणत नाही. उलट जेथे हिशेब विचारण्याचा संकोच होतो तेथेच ज्योत मंद होऊ लागते, हा आपला अनुभव आहे. 'पैशाकडे पाहू नका' या उद्गारात प्रेम असते हे खरे. पण त्या प्रेमात पुष्कळदा 'लोक काय म्हणतील' ही चिंताही मिसळलेली असते. महागडी वस्तू आणून दिली की कर्तव्य पार पडले, असे मन स्वतःला समजावते.

तथापि थोरल्या मुलाची भूमिकाही आम्हांस पुरती पटली नाही. कागदावर लिहिलेला आकडा हाच खर्च, असे दोघांनीही गृहीत धरले होते. एकाला तो आकडा मोठा म्हणून चांगला वाटत होता, दुसऱ्याला लहान म्हणून. 'चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला' ही म्हण आपण हसत म्हणतो, पण मसाला मोजावयाचा राहूनच गेला तर कोंबडीचा भाव ऐकून काय उपयोग?

येथे शस्त्रक्रियेचे स्वरूप थोडक्यात सांगणे अवश्य आहे. खुबा हा उखळीचा सांधा. मांडीच्या हाडाच्या माथ्यावरील गोळा कमरेच्या हाडातील उखळीत फिरतो. दोहोंवरील गुळगुळीत कूर्चा झिजली की हाडावर हाड घासते. असा सांधा काढून त्या जागी कृत्रिम गोळा व कृत्रिम उखळी बसवण्याची आजची रीत प्रामुख्याने इंग्लंडमधील शस्त्रवैद्य जॉन चार्नली यांनी घालून दिली. लँकेशर परगण्यातील रायटिंग्टन येथील रुग्णालयात त्यांनी १९५० नंतरच्या दशकात टेफ्लॉन या पदार्थाच्या उखळ्या बसवण्यास प्रारंभ केला. रुग्ण वेदनामुक्त होऊन चालू लागले आणि सर्वांना धन्य वाटले. परंतु दोनतीन वर्षांतच त्या उखळ्या झिजू लागल्या, आणि झिजलेल्या कणांनी भोवतालचे मांस व हाड बिघडू लागले. सुमारे तीनशे रुग्णांच्या शरीरांत ते टेफ्लॉन होते. चार्नली यांनी हे अपयश झाकून ठेवले नाही. तो पदार्थ स्वतःच्या मांडीत घालून घेऊन त्यांनी त्याचे परिणाम पाहिले, आणि बिघडलेले सांधे स्वतःच्या हाताने पुन्हा उघडून दुरुस्त केले. १९६२ च्या नोव्हेंबरात त्यांनी पॉलिएथिलीनची उखळी बसवली, आणि ती टिकली. पुढे २००७ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात या शस्त्रक्रियेला विसाव्या शतकातील शस्त्रक्रिया असे गौरवाने संबोधण्यात आले. त्या गौरवामागे त्या तीनशे रुग्णांनी दिलेली किंमत आहे, आणि ती कोणत्याही बिलात लिहिलेली नाही.

आता दारांविषयी. सांध्यापर्यंत जाण्याचे मुख्य मार्ग तीन. मागील मार्ग सर्वांत रुळलेला. त्यात नितंबाच्या मोठ्या स्नायूचे तंतू बाजूला सारून मागचे लहान स्नायू सोडवावे लागतात. सांधा डोळ्यांपुढे स्वच्छ दिसतो, विशेष प्रकारचे मेज लागत नाही, आणि अडचण आल्यास जखम वाढवता येते. धोका असा की नवा सांधा मागे निखळण्याचा संभव असतो. सोडवलेले स्नायू व आवरण परत नीट शिवले तर तो संभव पुष्कळच कमी होतो. बाजूच्या मार्गाची आजची रीत हार्डिंज या शस्त्रवैद्याने १९८२ मध्ये वर्णन केली. त्यात निखळण्याचे भय कमी, पण चालताना कंबर सावरून धरणाऱ्या स्नायूचा काही भाग सोडवावा लागत असल्यामुळे काहींच्या चालीत लंगडणे उरते. पुढील मार्ग नवा म्हणून ओळखला जातो. वस्तुतः जर्मनीतील ह्यूटर यांनी तो १८८१ मध्येच सांगितला होता. यात दोन स्नायूंच्या मधल्या फटीतून आत जातात. पहिल्या काही आठवड्यांत वेदना कमी असतात, काठी लवकर सुटते. परंतु पुष्कळ ठिकाणी त्यासाठी खास मेज व शस्त्रक्रिया चालू असताना क्ष-किरणांचे यंत्र लागते. मांडीच्या बाहेरच्या बाजूची त्वचा बधिर होण्याचा संभव असतो, मांडीचे हाड तडकण्याचे भय असते, आणि शस्त्रवैद्याचा हात बसेपर्यंत चुका अधिक होतात. वर्ष उलटल्यावर मात्र सामान्यतः या मार्गांनी गेलेल्या रुग्णांच्या चालीत व सुखात फारसा फरक आढळत नाही.

मग स्वस्त कोणते? येथे आम्हांस या विषयाचे मर्म सापडले असे वाटते. उत्तर हिशेब कोणत्या दिवशी बंद करता यावर अवलंबून आहे. शस्त्रक्रियागृहाच्या दारातच हिशेब बंद केला तर मागचा मार्ग स्वस्त, कारण त्यात यंत्रसामग्री कमी. घरी जाण्याच्या दिवशी बंद केला तर पुढचा मार्ग काही ठिकाणी बरोबरीस येतो, कारण इस्पितळातील मुक्काम थोडा कमी होऊ शकतो. सहा आठवड्यांनी बंद केला तर लवकर हिंडूफिरू लागलेल्या माणसाची बाजू वरचढ होते. वर्षाने बंद केला तर दोन्ही बाजू जवळजवळ जुळतात. आणि पंधरा वर्षांनी बंद करावयाचा म्हटले तर या सर्वांपेक्षा एकच गोष्ट मोठी ठरते: सांधा पुन्हा बदलावा लागला की नाही. दुसऱ्यांदा करावी लागणारी शस्त्रक्रिया पहिलीहून अवघड, अधिक खर्चाची आणि रुग्णाला अधिक थकवणारी असते. तेव्हा हिशेबाचा दिवस ठरवणारा मनुष्यच निकाल ठरवीत असतो, आणि बहुधा तो स्वतःच्या खिशाला सोयीचा दिवस निवडतो.

अमेरिकेतील एक उदाहरण या दृष्टीने विचारात घेण्यासारखे आहे. तेथील शासनाने वृद्धांसाठी असलेल्या सरकारी विम्यात २०१६ च्या एप्रिलपासून अनेक शहरांत एक योजना लागू केली. ती २०२४ अखेर संपली. खुबा अथवा गुडघा बदलल्यावर रुग्ण घरी गेल्यापासून नव्वद दिवसांपर्यंतच्या सर्व खर्चाची जबाबदारी रुग्णालयावर टाकण्यात आली. म्हणजे हिशेबाचा दिवस मुद्दाम पुढे ढकलण्यात आला. यात शहाणपण होते. खर्च काहीसा कमी झाला आणि गुंतागुंतीच्या तक्रारी वाढल्या नाहीत, असे पाहणीत आढळले. बचत झाली कोठे? मुख्यतः रुग्णांना शुश्रूषागृहात पाठवण्याऐवजी सरळ घरी पाठवण्यात. घर हे बरे होण्यास उत्तम स्थान आहे यात शंका नाही. परंतु घरी त्यांना उठवले कोणी, स्नान कोणी घातले, रात्री हाकेसरशी कोण धावले, त्यासाठी कोणाची नोकरी व कोणाची झोप खर्ची पडली, हे शासनाच्या वहीत येण्याचे कारण नव्हते. शासनाचा रुपया वाचला. त्याचा काही भाग कोणाच्या तरी श्रमांत बदलला.

आपल्याकडे ही गोष्ट समजण्यास अमेरिकेपर्यंत जाण्याची गरज नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत: वैद्य, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी. उपस्थाता म्हणजे शुश्रूषा करणारा. चारपायी मंचकाचा एक पाय लंगडा असला तर त्यावर निजता येत नाही, तसेच हे आहे. आता इस्पितळाचे बिल काढून पाहा. वैद्याचे मूल्य त्यात आहे, द्रव्याचे आहे. उरलेले दोन पाद त्यात कोठेच नाहीत. वरील घराच्या बैठकीत दोन मुलगे तावातावाने बोलत होते, आणि सूनबाई चहाचे पेले उचलीत होत्या. पुढील दीडदोन महिने ज्यांच्या अंगावर येणार होते त्यांचे मत कोणी विचारले नव्हते. त्या एका शाळेत शिकवतात. सहा आठवड्यांची रजा घेतल्यास पगार कापला जाणार होता. तो पगार कोणत्याच अंदाजपत्रकात नव्हता. आमच्या घरांत उपस्थाता बहुधा स्त्रीच असते, आणि जे फुकट मिळते ते मोजू नये अशी आपली जुनी सवय आहे. या सवयीला आपण माया असे नाव देतो. माया खरीच असते, म्हणून ती वापरून घेणारा निर्दोष ठरत नाही.

चौथा पाद रोगी. चरकाने रोग्याचे जे गुण सांगितले आहेत त्यांत आपली व्यथा वैद्याला नीट सांगता येणे हाही एक गुण आहे. परंतु सांगावयास कोणी विचारावयास हवे. खुब्याच्या बाबतीत तर हा प्रश्न आपल्या समाजात विशेष महत्त्वाचा. पाश्चात्त्य देशांतील रुग्णाला खुर्चीवरून उठता आले, मोजे घालता आले, फिरावयास जाता आले की तो संतुष्ट असतो. आमच्या माणसांचे आयुष्य जमिनीशी जोडलेले. पाटावर बसून पूजा, पंक्तीत मांडी घालून भोजन, देवापुढे साष्टांग नमस्कार. मागच्या मार्गाने सांधा बसवल्यावर पुष्कळ शस्त्रवैद्य पहिले काही आठवडे खाली बसू नये, गुडघा छातीकडे नेऊन पाय आत वळवू नये असे बजावतात. पुढच्या मार्गात भय उलट दिशेचे. तेथे पाय मागे ताणून बाहेर वळवण्यास जपावे लागते. पुढे कोणी कितपत खाली बसावे हे ज्याच्या त्याच्या सांध्यावर व वैद्याच्या सल्ल्यावर अवलंबून. पाटावर बसण्याचे रुपयांत मोल करता येत नाही. पण म्हणून ते शून्य धरावे असे नाही.

शेवटी आईंनाच विचारले. आम्हां सर्वांना वाटले होते की त्या पायऱ्यांचे आणि पालखीचे सांगतील. त्या म्हणाल्या, "देव मला खुर्चीवर बसलेली पाहूनही ओळखील. मला पहाटे न्हाणीघरात कोणाचा हात न धरता जाता आले पाहिजे. आणि सुनेची शाळा बुडता कामा नये." यावर बराच वेळ कोणी काही बोलले नाही.

एक गोष्ट अजून उरते, आणि ती शस्त्रवैद्याच्या हाताची. चरकाने वैद्याच्या गुणांत शास्त्रज्ञानाबरोबर पुष्कळ वेळा कर्म पाहिलेले असणे हाही गुण सांगितला आहे. मार्ग कोणताही असो, त्या मार्गाने ज्याचा हात बसला आहे त्याच्याकडे जाणे हेच शहाणपणाचे. नव्या मार्गाने नवखा हात चालला तर त्या मार्गाचे गुण रुग्णाच्या वाट्याला येत नाहीत. पण मग शिकणाऱ्याने शिकावे कोणावर? कोणाच्या तरी देहावर पहिला, दहावा, तिसावा प्रयोग होणारच, आणि आज ज्यांचा हात बसलेला आहे तेही कधी नवखे होते. सर्वांनीच नवख्याला टाळले तर पुढच्या पिढीला कुशल हात कोठून मिळणार? या पेचातून पूर्ण सुटका नाही. एवढे मात्र निश्चित म्हणता येईल की शिकण्याची किंमत ज्याच्याकडून घ्यावयाची त्याला ती सांगून घ्यावी, जवळ अनुभवी हात उभा असावा, आणि झालेल्या चुकांची नोंद राहावी. स्वीडनने १९७९ पासून देशातील बदललेल्या खुब्यांची नोंद ठेवण्यास प्रारंभ केला. कोणता सांधा किती वर्षे टिकला हे त्यामुळे सर्वांना कळू लागले. ऑस्ट्रेलिया व इंग्लंड यांनी पुढे तोच मार्ग धरला. अशी वही म्हणजे हजारो रुग्णांच्या दुःखाचा वाया न जाऊ दिलेला ठेवा. ती नसेल तर प्रत्येक घराने तेच दुःख नव्याने विकत घ्यावे लागते.

येथे कोणी विचारील, हे सर्व एका घरापुरते ठीक, पण पैसा सार्वजनिक असेल तर? गोव्यात २०१६ पासून दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहे. २०१८ पासून देशात आयुष्मान भारत योजना असून २०२४ मध्ये तिचा लाभ सत्तरीवरील सर्व वृद्धांना खुला झाला. सार्वजनिक थैलीतून एका रुग्णावर अकारण अधिक खर्च झाला तर तो दुसऱ्या कोणाच्या तरी प्रतीक्षेत जमा होतो. तो दुसरा आपल्याला दिसत नाही, एवढाच भेद. मुलाने आपल्या आईला झुकते माप द्यावे हा त्याचा धर्म. सर्वांचा पैसा सांभाळणाऱ्याने कोणालाच झुकते माप देऊ नये हा त्याचा धर्म. दोन्ही धर्मांत हिशेब आहेच. त्यांच्या वह्या निरनिराळ्या आहेत इतकेच, आणि एकीची नोंद दुसरीत करू लागल्यास दोन्ही बिघडतात.

आमचे म्हणणे आता थोडक्यात सांगतो. खर्च सहसा नाहीसा होत नाही. तो एका वहीतून दुसऱ्या वहीत जातो. शस्त्रक्रियागृहातून वाचलेला दिवस घरच्या जागरणात जातो, आज वाचलेला रुपया दहा वर्षांनंतरच्या दुसऱ्या शस्त्रक्रियेत जातो, नव्या कौशल्याची किंमत पहिल्या रुग्णांकडे जाते. म्हणून दोन पद्धतींची तुलना करणाऱ्याने 'किती' हे विचारण्यापूर्वी 'कोणाचा' आणि 'केव्हापर्यंत' हे विचारले पाहिजे. अपुरा हिशेब करून त्याला काटकसर म्हणणे अथवा हिशेबच न करून त्याला भक्ती म्हणणे, या दोहोंत आम्हांस फारसे अंतर दिसत नाही. दोहोंतही जे बोलत नाहीत त्यांच्या नावावर खर्च टाकला जातो.

त्या घराने पहिल्या शस्त्रवैद्यांना निवडले. मागच्या मार्गाने त्यांनी आजवर किती शस्त्रक्रिया केल्या आणि किती सांधे निखळले, असे थोरल्याने संकोचत विचारले. त्यांनी न रागावता सांगितले, हे निवडीचे पहिले कारण. दुसऱ्या अंदाजपत्रकाशी तुलना करता जी रक्कम राहिली तिच्यातून सहा आठवड्यांसाठी एक अनुभवी परिचारिका ठेवली, न्हाणीघरात भिंतीला दांड्या बसवल्या, उंच आसन आणले. सूनबाईंची शाळा चार दिवस बुडाली. पहिल्या आठवड्यातील दोन रात्री धाकट्या मुलाने आईजवळ जागून काढल्या. दुसऱ्या सकाळी तो म्हणाला की या कामाचा पगार किती असावा याची आपल्याला आजवर कल्पना नव्हती.

आई आता न्हाणीघरापर्यंत एकट्या जातात. पायऱ्या अजून चढलेल्या नाहीत. हा निर्णय बरोबर होता किंवा कसे, हे तो सांधा किती वर्षे टिकतो त्यावर ठरेल, आणि ते आज कोणालाच सांगता येणार नाही. परंतु तो घेताना ज्यांना ज्यांना किंमत द्यावयाची होती त्या सर्वांना त्यांनी विचारले होते. मनुष्याच्या हाती असते ते एवढेच, आणि आमच्या मते तेवढे पुरेसे आहे.